अठरा टक्के राखाडी

गेल्या बुद्धपौर्णिमेला कपिलने लोणीच्या विहारासमोर अख्ख्या बौद्ध वस्तीचा एकत्र फोटो काढला आणि तो मोठा करून, काचेत बसवून आणला. काच बसवली हीच पहिली चूक, असं त्याची बायको अमृता अजून म्हणते. कारण फोटो बघून लोक आधी एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग शेजारचा दादाभाऊ बोलला. हा दादाभाऊ वस्तीतला नव्हे, पलीकडच्या मळ्यातला. पण पौर्णिमेच्या खिरीला हमखास हजर. तो म्हणाला, "राव, धुणं झकास वाळत घातलंय. मान्सं कवा येनार हायेत?"

त्याचंही काही चुकलं नव्हतं. पौर्णिमेला सगळी वस्ती पांढऱ्यात असते. मागे ताजा चुना मारलेली भिंत, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि त्यात पांढरी लुगडी, पांढरे सदरे. फोटोत सदऱ्यांच्या इस्त्रीची घडी न घडी दिसत होती. तोंडं मात्र काळीठिक्कर. मागच्या रांगेत कुणाला डोळे नव्हते आणि पुढच्या रांगेत नुसते दात होते. कपिलने कॉम्प्युटरवर बसून तोंडं उजळवून बघितली, तर कपडे आणि भिंत एक झाली आणि माणसं गळ्यापासून खाली नाहीशी झाली. दोन्हींतलं कमी वाईट ते त्याने काचेत बसवलं.

कपिल मंचरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. शिकवणं त्याच्याकडे नाही, पण गावात लोक त्याला 'सर' म्हणतात आणि तो ती चूक दुरुस्त करत नाही. जगातली कुठलीही गोष्ट नीट मोजली की ताब्यात येते, यावर त्याची श्रद्धा. चहात साखर किती, हे तो चमच्याने नाही, चमच्याच्या सपाटीने सांगतो. अशा माणसाचा फोटो असा यावा, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. पण खरा घाव वेगळाच होता, आणि तो घातला त्याच्या सख्ख्या आत्याने.

कुशाबाई ऐंशीला टेकलेली, वस्तीतली सगळ्यांत थोरली. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. तिने फोटो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि विचारलं, "यातली मी कोणची रं?"

कपिलने मधल्या रांगेवर ठामपणे बोट ठेवलं. "ही काय."

"अहो, ते भागुजीतात्या आहेत," अमृता म्हणाली. "ऊन लागत होतं म्हणून डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं त्यांनी."

सगळे हसले. खुद्द भागुजीतात्याही हसले. कुशाबाई हसली नाही. तिने फोटो परत दिला आणि भाकरी टाकायला उठली. कपिलला त्या रात्री जेवण गेलं नाही.

यंदा विहाराची डागडुजी झाली. नवी फरशी, नवा रंग, पंखे. पौर्णिमेला एक फोटो काढायचा, तो आतल्या भिंतीवर कायमचा लावायचा आणि मधोमध कुशाबाईला बसवायचं, असं विहार समितीने ठरवलं. फोटो कुणी काढायचा यावर समितीत बराच वेळ कुणी कपिलकडे बघेना. शेवटी कुशाबाईच म्हणाली, "त्योच काढंल. त्यानंच बिगाडलंय, त्योच नीट करंल." आणि घरी आल्यावर त्याला बसवून तिने बजावलं, "हे बघ कपिल, माझा म्हून फोटू न्हाई कुठं. आधारकारडावर हाय, त्यात मी भ्यालेली दिसती. आरसा हाय घरात, पर त्यो येवढुसा. एका टायमाला एकच गाल दिसतो. मला माझं तोंड सबंद बघायचंय. आणि आरसा काय, मी हाय तवर हाय. फोटू मागं ऱ्हाईल. औंदा चुकू नगं. फुडच्या टायमाला मी बसंन का न्हाई, सांगता येत न्हाई."

कपिल कॅमेरा घेऊन गच्चीवर जाऊन बसला.

कॅमेरा का फसतो, याचा शोध त्याने मोबाइलवरच्या व्हिडिओंत घेतला. त्यात एका सद्गृहस्थाने सांगितलं, की कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला जगातल्या रंगांची काही कल्पना नसते. समोर काहीही असो, ते सरासरीने राखाडीच असणार असं ते धरून चालतं. समोर खूप पांढरं दिसलं की त्याला वाटतं, उजेड जास्त झाला. आणि ते सगळ्यालाच अंधारात ढकलतं. कपिलला हे ऐकून कॅमेऱ्याचा राग आला, आणि मग थोडी दयाही आली. एवढं महागाचं यंत्र, पण पांढरं नेसलेली माणसंही जगात असतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

उपाय सोपा होता. एक राखाडी पुठ्ठा माणसांच्या जागी, त्यांच्याच उजेडात धरायचा, कॅमेऱ्याला तेवढाच दाखवायचा, त्यावरून माप घ्यायचं आणि ते माप तसंच ठेवून फोटो काढायचा. मग पांढरं ते पांढरं येतं आणि तोंडं ती तोंडं येतात. पुठ्ठा मात्र नेमका हवा: पडलेल्या उजेडातला अठरा टक्के उजेड परत फेकणारा. अठरा टक्के! आकडा ऐकताच कपिलच्या अंगात उत्साह संचारला.

"ऑनलाइन मागवतो," तो म्हणाला.

"राखाडी पुठ्ठा? विकत?" अमृताने भाजी निवडायची थांबवली. "माळ्यावर पोरांच्या वह्यांचे पुठ्ठे पडलेत पोतंभर. रंग फासा एकाला. बायका दरसाल घराला रंग काढतात, तुम्हांला वीतभर पुठ्ठा रंगवता येईना?"

प्रयोगशाळेतल्या माणसाला असं बोलणं म्हणजे त्याच्या नोकरीवर शंका घेणं. कपिलने पुठ्ठा घरीच करायचं ठरवलं, आणि इथून पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं.

राखाडी रंग म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं. कपिलने वस्तीत विषय काढायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत ओट्यावर गर्दी. कुशाबाई म्हणाली, राखाडी म्हणजे राख, बाभळीच्या लाकडाची घे, ती एकसारखी पडते. कुणी म्हणालं कबुतर. कुणी म्हणालं पावसाळी म्हैस. दादाभाऊने गोठ्याच्या छपराचा तुटका सिमेंटचा पत्रा खांद्यावर टाकून आणला आणि ओट्यावर आपटला.

"ह्ये घे, सर. पंधरा-ईस वर्सं उन खाल्लंय यानं. यापरीस राखाडी तुला तालुक्यात घावायचं न्हाई."

"दादाभाऊ, अठरा टक्के पाहिजे."

"आसंल की! मोजलंय का तू? न मोजता न्हाई म्हंतो व्हय?"

हे बोलणं कपिलला लागलं, कारण ते बरोबर होतं. मोजायचं कसं? पुठ्ठा बरोबर आहे का हे बघायला बरोबर असलेला दुसरा पुठ्ठा हवा, आणि तो असता तर हा करायला कशाला बसलो असतो? एक अख्खा रविवार तो या विचारात होता. माणसाचंही असंच असतं, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं, पण अमृताने गॅस संपल्याचं सांगितलं आणि ते तिथंच राहिलं. शेवटी व्हिडिओतल्या गृहस्थानेच वाट दाखवली. साध्या पांढऱ्या कागदापेक्षा कॅमेऱ्याच्या मापात सव्वादोन पायऱ्या खाली आला, की राखाडी जमला. दादाभाऊचा पत्रा खाली आला, पण एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी. मधे शेवाळ होतं आणि वर कबुतरांनी आपापलं पांढरं घातलं होतं. राख पुठ्ठ्यावर टिकेना. शिंक आली की माप बदलायचं.

मग कपिलने शास्त्राला हात घातला. काळा रंग, पांढरा रंग आणि कॉलेजातून आणलेली एक फुटकी मोजनळी. अठरा टक्के म्हणजे शंभरात अठरा पांढरा आणि बाकी काळा, हा त्याचा पहिला हिशोब. पुठ्ठा तव्यासारखा झाला. मग त्याने उलटं केलं. ओला असताना माप तंतोतंत आलं. कपिलने अमृताला हाक मारून दाखवलं. वाळल्यावर बघितलं तर गडद. मग फिका केला, तर जास्तच फिका झाला. चार दिवस घरात टर्पेंटाइनचा वास होता, आणि जेवताना अमृता ताट घेऊन दारात बसत होती.

"मंचरला दुकानात मशीनवर रंग करून देतात," तिनेच सांगितलं. "एकदा काय ते आणा आणि घर सोडा."

मंचरच्या रंगाच्या दुकानात आदेश नावाचा तरतरीत पोरगा मशीनवर बसलेला. त्याने मान वर न करता विचारलं, "कोणती रूम, सर?"

"रूम नाही. कार्ड आहे."

"लग्नाचं?"

"फोटोचं. अठरा टक्के राखाडी पाहिजे."

"अठरा टक्के तर लागणारच, सर. ते बिलातच येतं. राखाडी कोणती पाहिजे सांगा."

कपिलने त्याला कॅमेऱ्याची सगळी अडचण समजावून सांगितली. मागे प्लास्टरवाल्यांची रांग लागली. आदेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि रंगांच्या नमुन्यांचं बाड पुढं केलं. त्यात राखाडीच दोन पानं भरून होते. 'पहाटेचं धुकं', 'शांत हत्ती', 'जुनी आठवण'. कपिल एकेका चौकोनावर कॅमेरा रोखू लागला. प्लास्टरवाल्यांपैकी एकाने विचारलं, "सरकारकडून चौकशी हाय का?" आणि रांग एकदम शहाण्यासारखी उभी राहिली.

'शांत हत्ती' अठराच्या अगदी जवळ निघाला. पण मशीन एक लिटरच्या खाली करून देत नव्हतं आणि हत्ती मिळत होता फक्त ऑइल पेंटमध्ये. वीतभर पुठ्ठ्यासाठी लिटरभर रंग घेऊन कपिल एसटीत बसला. उरलेल्याचं काय, हा प्रश्न गावात सुटला. अमृताने खिडक्यांचे गज रंगवले, भागुजीतात्यांनी आपलं फाटक रंगवलं, दादाभाऊने पाण्याच्या टँकरचा मागचा भाग. आठवड्याभरात आळी अशी दिसू लागली, की बाहेरून आलेला पोस्टमन म्हणाला, काही योजना आली आहे का?

इकडे समितीची बैठक भरली. भागुजीतात्या समितीचे अध्यक्ष आणि निवृत्त ग्रामसेवक. ठराव झाल्याशिवाय ते पंखाही लावू देत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "विषय तिसरा. कॅमेऱ्याची अडचण. कपिल सरांच्या म्हणण्यानुसार पांढरं घातलं की कॅमेरा बिघडतो."

"बिघडत नाही, तात्या, फसतो."

"फसतो. तर यावर सूचना याव्यात."

सूचना आल्या. भिंत राखाडी करावी. रंग अजून शिल्लक आहे. भिंतीला निळा पडदा लावावा. एक तरुण म्हणाला, सगळ्यांनीच निळे सदरे घालावेत आणि निळ्या साड्या नेसाव्यात, म्हणजे भांडणच मिटलं. माना डोलू लागल्या. कपिलही डोलणार होता. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं होतं. पुठ्ठा जमो न जमो, फोटो तरी येईल.

कुशाबाई मागं भिंतीला टेकून बसली होती. ती बसल्या जागेवरून बोलली.

"भंतेजी पैल्यांदा गावात आले, तवा आमी पांढरं नेसून रांगंनं बसलो व्हतो. लई न्हान व्हते मी. त्याच्या आदी आमाला नवं-पांढरं कोन नेसू देत व्हतं? उतरलेलं घालायचं, मळलेलं घालायचं. त्या दिसापासून पुनवंला मी पांढरं सोडलं न्हाई. आता त्या डबड्याला दिसत न्हाई म्हून मी सोडू व्हय? त्याला दिसत न्हाई त्ये त्याला शिकवा. मला कशापाई बदलता?"

निळ्या सदऱ्याची सूचना ज्याने केली होती तो खाली मान घालून नखं बघू लागला. कपिलला स्वतःची लाज वाटली. ज्या कॅमेऱ्याला तो गच्चीवर बसून नावं ठेवत होता, त्याच्याच बाजूने आज तो हात वर करणार होता. भागुजीतात्यांनी घसा खाकरला आणि ठराव सांगितला: मंडळी पांढऱ्यातच बसतील, आणि कॅमेऱ्याला काय ते कपिल सरांनी समजावून सांगावं. ठराव एकमताने मंजूर झाला.

पुठ्ठ्यावर हत्तीचा रंग छान बसला होता, पण ऑइल पेंटची चकाकी काही जाईना. उजेड थोडा तिरका पडला की पुठ्ठ्यात कपिलला आपलंच तोंड दिसायचं आणि माप कुठल्या कुठे जायचं. पॉलिश पेपर मारून बघितला, तर ओरखडे चकाकू लागले. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी अमृतानेच डोकं चालवलं. रंगात रांगोळीची भुकटी कालवली आणि माळ्यावरच्या दुसऱ्या कोऱ्या पुठ्ठ्यावर एक जाड हात मारला. चकाकी साफ गेली! मापही बरोबर! कपिलने तिच्याकडे असं बघितलं की ती लाजून आत गेली. सकाळी त्याने पुठ्ठा वाळला का ते बोट लावून बघितलं. वाळला होता. बोट लावलं ते कडेला, जिथं रंग पातळ होता. मधे लावलं नाही. आयुष्यभर मोजनळीतल्या पाण्याच्या बरोबर मधोमध नजर लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी कडेला बोट लावलं, याला काय म्हणावं?

पौर्णिमेची वंदना झाली आणि मंडळी विहारासमोर बसली. पुढं सतरंजीवर बायका, मागं खुर्च्यांवर म्हातारी माणसं, त्यामागं उभे तरुण. मधल्या खुर्चीवर कुशाबाई, इस्त्रीचं पांढरं लुगडं, केस तेल लावून बसवलेले. दादाभाऊ गुलाबी सदऱ्यात कडेला येऊन उभा राहिला; त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी घालवलंही नाही. कपिलने कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवला आणि पुठ्ठा भागुजीतात्यांच्या हातात दिला. "छातीशी धरा, तात्या. तोंड माझ्याकडे."

तात्यांनी धरला आणि लगेच खाली केला. "हे बरं दिसत नाही. पाटी घेऊन उभं करतात ते कुणाला, माहीत आहे ना? मी नोकरीत एक रुपया खाल्लेला नाही."

"तात्या, फोटो नाही काढत आहे. नुसतं माप घेतोय."

"मग दुसऱ्या कुणाचं घे."

तेवढ्यात कुणीतरी अक्कल पाजळली, की ज्याच्या हातात तो पुठ्ठा, त्याचं तोंड चांगलं येतं. झालं! पुठ्ठा तात्यांच्या हातून सुटला तो रांगेतून फिरू लागला. "मला दे की जरा." "तू मगाशी घेतलावतास." "आजीला धरू द्या." "पोराच्या तोंडाशी धर गं, लई सावळा येतो त्यो." कपिल ओरडत होता, "मधे द्या, मधे!" पण पुठ्ठा मांडीवरून मांडीवर, हातातून हातात, खुर्चीवरून सतरंजीवर फिरला आणि शेवटी कुशाबाईच्या मांडीवर उपडा येऊन पडला.

पहिली किंकाळी पुढच्या रांगेतून आली. मग दुसरी. मग सगळ्यांनी आपापले हात बघितले.

रांगोळीने रंग वर कोरडा दिसत होता. आतून तो लोण्यासारखा होता. लुगड्यांवर बोटं, सदऱ्यांवर पंजे, एका बाळाच्या कपाळावर अंगठा. कुशाबाईच्या मांडीवर अख्खा वीतभर राखाडी डाग. तिने पुठ्ठा उचलला तर त्यावर रंगच उरला नव्हता. खालच्या वहीचं नाव वाचता येत होतं.

कपिल तिकाटण्यामागे तसाच उभा राहिला. ऊन वर चढत होतं, आत खीर आटत होती, लोक उठायच्या बेतात होते, आणि ज्या एका दिवसासाठी हे सगळं केलं तो दिवस हातातून चालला होता. आत्याने एकच गोष्ट मागितली होती. तिचं पांढरं लुगडं मात्र आपण खराब करून दाखवलं. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि चारचौघांत ते बरं दिसणार नाही म्हणून त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला.

"ह्ये बघ! ह्ये बघ काय केलंस!" कुशाबाईने उजवा हात वर करून तळवा त्याच्याकडे केला. तिचं बघून बाकीच्यांनीही केले. अख्खी वस्ती हात वर करून त्याला आपापले तळवे दाखवत रागावत होती.

"आयला," दादाभाऊ म्हणाला, "सगळेच आशीर्वाद द्याया लागले."

कपिलला कॅमेऱ्यातून कुशाबाईचा तळवा दिसत होता. तिच्या तोंडाच्या शेजारी, तिच्याच उजेडात, कॅमेऱ्याकडे सरळ तोंड केलेला. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत एकसारखा राखाडी. चकाकी अजिबात नाही.

"आत्या, हलू नको!" तो किंचाळला. "हात तसाच धर! तसाच!"

"आता आनि काय?"

"धर फक्त!" तो कॅमेरा काढून धावत गेला, तळव्याच्या वीतभर अंतरावर आपली सावली पडणार नाही असा वाकला आणि माप घेतलं. अख्ख्या वस्तीला वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. अमृता उठूनसुद्धा उभी राहिली. तो परत मागं धावला, कॅमेरा तिकाटण्यावर लावला, माप तसंच ठेवलं. "हात खाली घ्या! आता बघा इकडं!"

निम्म्यांनी हात खाली घेतले. निम्म्यांना ऐकू गेलं नाही. भागुजीतात्यांना ऐकू गेलं, पण त्यांचा अजून राग गेला नव्हता. कपिलने बटण दाबलं.

मग सगळे घासलेट आणि चिंध्या घेऊन हात पुसत बसले, आणि खीर थोडी लागली होती तरी सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली.

फोटो मोठा होऊन आला तेव्हा कपिलने तो आधी विहारात नेला नाही. घरी आणला. भागुजीतात्या समितीतर्फे पाहणीला आले होते, दादाभाऊ आपण कसे आलो ते बघायला आला होता. भिंत पांढरी होती. लुगडी पांढरी होती, आणि त्यावरचे राखाडी पंजे स्पष्ट दिसत होते. तोंडं मात्र एकेक बघून घ्यावीत अशी. जो सावळा तो सावळा, जी गोरी ती गोरी, उन्हाने रापलेले रापलेले. या वेळी प्रत्येकाला डोळे होते. तात्यांच्या कपाळावरची नाराजीची आठीसुद्धा जशीच्या तशी आली होती. दादाभाऊ स्वतःला बघून म्हणाला, "गुलाबी जरा जास्तच हाय," आणि खूष झाला.

कपिलने अठरा टक्क्यांवर चार शब्द बोलायचं मनात ठरवलं होतं. पण त्याआधी त्याने फोटो कुशाबाईच्या मांडीवर ठेवला. तिने पदराने काच पुसली. काच स्वच्छच होती. ती खाली वाकली, आणि वाकलेलीच राहिली. एवढा वेळ, की अमृताने चहा गाळायचा थांबवला.

कपिलला राहवेना. "आत्या, मधल्या रांगेत बघ, तिथं—"

"थांब जरा." तिचं बोट काचेवरून सावकाश सरकत मधोमध येऊन थांबलं. "आई," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही.

"ही माझी आई हाय. ह्ये कपाळ बघ. ह्यो वठ बघ, एका बाजूनं खाली वढलेला. आशीच बसायची, मान जराशी तिरपी करून." तिने बोट काचेवरच ठेवलं. "तिचा फोटू न्हाई, काय न्हाई. मी डोळे मिटले ना, तर तिचं लुगडं दिसायचं, हात दिसायचे भाकरी थापनारे, पर तोंड यायचंच न्हाई. लई वर्सं झाली. म्या कुनाला सांगितलं न्हाई. आपल्या आईचं तोंड इसरले म्हून कुनाला सांगायचं?"

तिने कपिलला जवळ ओढलं. "बघ. तुझी आजी. तू न्हान व्हतास, तुला काय याद आसंल?"

कपिलला आजीचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तो आत्याच्या शेजारी जमिनीवर बसला आणि बघू लागला. त्याचे डोळे भरून आले आणि या वेळी त्याने ते लपवले नाहीत. अठरा टक्क्यांचे चार शब्द त्याला एकही आठवेना.

भागुजीतात्यांनी हळू आवाजात विचारलं, "फोटोखाली नावं लिहायची आहेत, बाई. मधे तुमचंच लिहू ना?"

कुशाबाईने डोळे पुसले. "दोघींचं लिव्हा. जागा एकच दिली तरी चालंल."

तात्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आईचं नाव विचारलं.

"तान्हाबाई," कुशाबाई म्हणाली. आणि कुणाला ऐकू आलं नसेल म्हणून परत एकदा, मोठ्यानं म्हणाली.